विश्लेषण : अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आधी काचेची पेटी की आईची छाती? नवे संशोधन काय सांगते?

‘बाळाला काचेत ठेवलंय’ हे वाक्य ऐकले की घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. बाळ आत, आई वेगळ्या मजल्यावरच्या वॉर्डात आणि बाकीचे नातेवाईक दाराबाहेर. वजन कमी असलेल्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांबाबत वर्षानुवर्षे हीच पद्धत आहे. बाळ ‘स्थिर’ झाले की मग आईकडे द्यायचे. गेल्या काही वर्षांतील संशोधनाने मात्र या क्रमालाच प्रश्न विचारला आहे. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवले, तर अधिक बाळे जगतात, असे त्यातून दिसले. दिल्लीतील सफदरजंग रुग्णालय या संशोधनात सहभागी होते. आता अडचण औषधाची नाही, जागेची आणि नियमांची आहे.

प्रश्न किती मोठा आहे?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला मुदतपूर्व बाळ म्हणतात. जन्मावेळी वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर ते कमी वजनाचे बाळ. २०२० मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे मुदतपूर्व जन्मली. म्हणजे साधारण दहात एक. त्यातील सुमारे ३० लाख एकट्या भारतातील होती आणि ही संख्या जगात सर्वाधिक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात जन्मणाऱ्या सुमारे १८ टक्के बाळांचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असते.

नमुना नोंदणी प्रणालीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २० बाळे पहिल्या २८ दिवसांत दगावतात. महाराष्ट्रात हे प्रमाण ११ आहे. देशाच्या तुलनेत राज्याची स्थिती बरी असली, तरी या वयातील मृत्यूंमागे मुदतपूर्व जन्म आणि कमी वजन हे मोठे कारण आहे. शिवाय नवजात बाळांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात. ही शेवटची बाब लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

‘कांगारू मदर केअर’ म्हणजे काय?

कांगारूचे पिल्लू अगदी अपक्व अवस्थेत जन्मते आणि आईच्या पोटावरील पिशवीत वाढते. त्यावरून हे नाव पडले. यात बाळाला फक्त लंगोट, टोपरे आणि पायमोजे घालून आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये उभे ठेवतात. त्वचेला त्वचा लागणे हा यातला मुख्य भाग. बाळ घसरू नये म्हणून वरून मऊ कापडाने बांधतात. त्यासोबत फक्त अंगावरचे दूध द्यायचे. बाळाला ओढून पिता येत नसेल तर आईचे दूध काढून नळीने किंवा वाटी-चमच्याने पाजायचे.

हा उपाय जन्मला तो टंचाईतून. १९७८ मध्ये कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील एका गर्दीच्या प्रसूती रुग्णालयात डॉ. एडगर रे यांनी तो सुरू केला. पुढे डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी त्याला साथ दिली. इन्क्युबेटर कमी, बाळे जास्त, एका पेटीत एकाहून अधिक बाळे आणि त्यातून पसरणारा जंतुसंसर्ग, अशी तिथली अवस्था होती. यंत्र नाही तर आईच्या अंगाची ऊब तरी वापरू, हा साधा विचार त्यामागे होता. त्यामुळे अनेक वर्षे या पद्धतीकडे ‘गरीब देशांचा पर्याय’ म्हणूनच पाहिले गेले.

मग यात नवीन काय?

कांगारू केअर उपयोगी आहे, हे आधीच सिद्ध झाले होते. २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. या पद्धतीने मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात दिसले. पण बहुतेक अभ्यासांत एक अट होती. बाळ आधी स्थिर व्हायला हवे. म्हणजे श्वास नीट चालू हवा, ऑक्सिजन किंवा सलाइनची गरज संपलेली हवी. २०१५ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांमध्येही दोन किलोपर्यंतच्या बाळांसाठी ‘स्थिर होताच’ असाच उल्लेख होता.

अडचण इथेच होती. लहान बाळाला स्थिर व्हायला दोन-तीन दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. सर्वाधिक धोका असतो तोही याच दिवसांत. जी बाळे स्थिर होण्याआधीच दगावतात, त्यांच्यापर्यंत हा उपाय पोहोचतच नव्हता.

निर्णायक ठरलेला अभ्यास कोणता?

ही फट भरून काढण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या समन्वयाने पाच देशांत एक चाचणी झाली. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांतील प्रत्येकी एका रुग्णालयाचा त्यात समावेश होता. भारतातून सफदरजंग रुग्णालय होते. नोव्हेंबर २०१७ ते जानेवारी २०२० या काळात १ किलो ते १.७९९ किलो वजनाची ३,२११ बाळे निवडण्यात आली. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट पाडले गेले.

पहिल्या गटात बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर आईच्या किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या छातीशी ठेवले. दुसऱ्या गटात नेहमीप्रमाणे आधी वॉर्मर किंवा इन्क्युबेटर आणि स्थिर झाल्यावर कांगारू केअर. उपचार दोन्ही गटांना मिळाले. औषधे, ऑक्सिजन, श्वासाला मदत करणारे सीपॅप यंत्र, सगळे काही. पहिल्या गटातील बाळांना हे उपचार आईच्या छातीवर असतानाच देण्यात आले.

अतिदक्षता कक्षात असताना पहिल्या गटातील बाळे दिवसाला जवळपास १७ तास छातीशी होती, तर दुसऱ्या गटातील सुमारे दीड तास.

निकाल काय लागला?

२८ दिवसांत दुसऱ्या गटातील १५.७ टक्के बाळे दगावली, तर पहिल्या गटातील १२ टक्के. म्हणजे मृत्यूचा धोका २५ टक्क्यांनी कमी झाला.

टक्केवारीची ही भाषा फसवी असू शकते, म्हणून तेच वेगळ्या प्रकारे पाहू. नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या अशा १०० बाळांपैकी जवळपास १६ दगावत होती. लगेच छातीशी ठेवल्यावर १२ दगावली. म्हणजे दर १०० बाळांमागे जवळपास ४ बाळे जास्त वाचली. आणखी सोपे करून सांगायचे तर दर २७ बाळांमागे एक जीव. नव्या औषधाने किंवा महागड्या यंत्राने असा परिणाम दाखवला असता, तर ती पहिल्या पानाची बातमी झाली असती.

रक्तातील जंतुसंसर्गाचा संशय असलेल्या बाळांचे प्रमाण २७.८ वरून २२.९ टक्क्यांवर आले. अंग गार पडण्याचे प्रमाण ८.३ वरून ५.६ टक्क्यांवर. पहिल्या ७२ तासांतील मृत्यूही पहिल्या गटात कमी होते, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येईल इतका मोठा नव्हता.

मूळ योजना ४,२०० बाळांची होती. मात्र चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने ती मध्येच थांबवण्याची शिफारस केली. फायदा इतका स्पष्ट दिसत होता की अर्ध्या बाळांना त्यापासून दूर ठेवणे योग्य नव्हते. मे २०२१ मध्ये हा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला.

आईच्या छातीत असे काय आहे, जे यंत्रात नाही?

पहिली गोष्ट ऊब. लहान बाळाच्या अंगावर चरबी जवळपास नसते, त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते. त्यामुळे उष्णता वेगाने निघून जाते. ऊब टिकवण्यासाठी बाळाला ऊर्जा खर्चावी लागते आणि तीच त्याच्याकडे कमी असते. आईची छाती हा सतत सुरू असलेला, विजेवर न चालणारा उष्णतेचा स्रोत आहे.

दुसरी गोष्ट जंतू. बाळाच्या अंगावर कोणते ना कोणते जंतू वस्तीला येणारच. ते आईच्या त्वचेवरचे असतील तर बहुतेक निरुपद्रवी असतात. रुग्णालयातील जंतू मात्र अनेकदा औषधांना दाद न देणारे असतात. बाळ आईजवळ असले की त्याला हाताळणाऱ्या अनोळखी हातांची संख्याही घटते.

तिसरी गोष्ट दूध. बाळ जवळ असले की दूध लवकर उतरते आणि टिकते. पहिल्या दिवसांतील चिकाचे दूध संसर्गापासून संरक्षण देते. चौथी गोष्ट लक्ष. एका परिचारिकेकडे अनेक बाळे असतात, आईकडे एकच. बाळाचा श्वास अडखळला किंवा रंग बदलला तर ते सर्वात आधी तिच्या लक्षात येते.

सगळे अभ्यास एकाच बाजूचे आहेत का?

नाही. युगांडातील पाच रुग्णालयांत २,२२१ बाळांवर अशीच चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. तिथे स्थिर होण्याआधी कांगारू केअर सुरू केल्याने पहिल्या सात दिवसांतील मृत्यूंत फरक दिसला नाही. गाम्बियातील एका लहान अभ्यासातही मृत्यूंत ठोस फरक आढळला नव्हता.

दोन्हींची थेट तुलना करताना सावध राहावे लागते. युगांडातील चाचणीत ७०० ग्रॅमपासून २ किलोपर्यंतची बाळे होती आणि मोजमाप सात दिवसांचे होते. पाच देशांच्या चाचणीत वजनाची मर्यादा वेगळी होती आणि मोजमाप २८ दिवसांचे. शिवाय त्या चाचणीसाठी आईला चोवीस तास बाळाजवळ राहता येईल असे कक्षच तयार करण्यात आले होते.

२०२३ मध्ये भारतीय डॉक्टरांनी ३१ चाचण्या आणि १५,५५९ बाळांची माहिती एकत्र तपासली. ती ‘बीएमजे ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत कांगारू केअरने मृत्यूचा धोका सुमारे ३२ टक्क्यांनी, तर गंभीर संसर्गाचा सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दिसले. दिवसाला किमान आठ तास आणि जन्मानंतर २४ तासांच्या आत सुरुवात, अशा ठिकाणी फायदा अधिक होता. म्हणजे दिवसातून अर्धा तास बाळाला आईकडे ‘दाखवून’ परत घेणे याला कांगारू केअर म्हणता येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका काय?

नोव्हेंबर २०२२ मध्ये संघटनेने आपल्या सूचना बदलल्या. मुदतपूर्व किंवा कमी वजनाच्या सर्व बाळांना जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, दिवसाला ८ ते २४ तास कांगारू केअर द्यावी, असे त्यात म्हटले आहे. अपवाद गंभीर अवस्थेतील बाळांचा. जे स्वतः श्वास घेऊ शकत नाही, ज्याला कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज आहे किंवा जे शॉकमध्ये आहे, अशा बाळाला आधी तातडीचे उपचारच हवेत.

याचा अर्थ इन्क्युबेटर निरुपयोगी ठरले, असा नाही. पाच देशांच्या चाचणीतही जन्मानंतर तासाभरात स्वतः श्वास घेऊ न शकलेली बाळे वगळली होती. नवजात अतिदक्षता कक्ष हवाच. फक्त त्या कक्षात आईलाही जागा हवी, एवढाच या संशोधनाचा अर्थ आहे.

अडते कुठे?

आपल्याकडे जिल्हा रुग्णालयांत विशेष नवजात काळजी कक्ष, म्हणजे एसएनसीयू आहेत. त्यांची रचना बाळ आणि यंत्रे डोळ्यांसमोर ठेवून झाली. आई ही तिथे ठरावीक वेळी दूध पाजायला येणारी पाहुणी. प्रसूती विभाग एका मजल्यावर, बाळांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर किंवा दुसऱ्या इमारतीत. सिझेरियन झालेल्या आईला जिने चढून यायचे असते. अनेकदा आईला घरी सोडले जाते आणि बाळ आतच राहते. मग ती कुठे राहणार, काय खाणार, हा प्रश्न कुटुंबाचा.

यावर सुचवलेला उपाय म्हणजे माता-नवजात काळजी कक्ष, अर्थात एमएनसीयू. यात बाळाच्या वॉर्मरशेजारीच आईची खाट असते. बाळाचे डॉक्टर आणि आईचे डॉक्टर दोघेही तिथेच तपासणीला येतात. परिचारिकांना दोघांचीही देखभाल शिकवलेली असते. सफदरजंगमध्ये चाचणीसाठी असाच कक्ष तयार झाला होता.

यासाठी प्रत्येक बाळामागे एक खाट, आईसाठी स्वच्छतागृह, जेवण, पडदा आणि समोरून उघडणारा गाऊन लागतो. यातले काहीही परदेशातून मागवावे लागत नाही. पण गर्दीच्या रुग्णालयात दहा बाळांच्या खोलीत दहा खाटा कुठे घालायच्या, हा खरा प्रश्न आहे. दोन विभागांनी एका छताखाली काम करायचे, तर जबाबदारी कोणाची, हेही ठरवावे लागते. ‘आईमुळे संसर्ग होईल’ ही भीतीही अजून आहे. चाचणीत मात्र आई आत असताना संसर्ग कमी झाला.

बाळ घरीच असेल तर?

याचे उत्तर हरियाणातून मिळते. फरिदाबाद आणि पलवल जिल्ह्यांत १.५ ते २.२५ किलो वजनाच्या ८,४०२ बाळांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. तिथे प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मातांना कांगारू केअर शिकवली. पहिल्या महिन्यातील मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी आणि सहा महिन्यांपर्यंतचा सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला.

घरापर्यंत काळजी नेण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात गडचिरोलीतील ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा सेविका बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत घरी भेटी देतात. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर सहा आणि घरी झाली असेल तर सात भेटी ठरलेल्या आहेत. या भेटीत आशाताईंना कांगारू केअर दाखवायला सांगता येते.

फायदा पहिल्या महिन्यापुरताच आहे का?

बोगोटामध्ये १९९३ ते १९९६ दरम्यान चाचणीत सहभागी झालेल्या बाळांना संशोधकांनी वीस वर्षांनंतर पुन्हा गाठले. कांगारू केअर मिळालेल्यांमध्ये शाळेतील गैरहजेरी, अतिचंचलता आणि आक्रमकता कमी आढळली. बुद्ध्यांकातील फरक लहान होता आणि तो मुख्यतः जन्मावेळी सर्वात नाजूक असलेल्या मुलांमध्ये दिसला. आईवडिलांचे बाळाशी वागणेही अधिक जिव्हाळ्याचे असल्याचे दिसले.

पालकांनी नेमके काय करावे?

• बाळ कमी वजनाचे असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा : ‘कांगारू केअर कधी सुरू करता येईल? दिवसात किती वेळ?’ बाळ सलाइनवर किंवा ऑक्सिजनवर असले तरी हा प्रश्न विचारता येतो. निर्णय डॉक्टरांचा.

• बाळ छातीवर उभे, मान एका बाजूला वळलेली आणि किंचित मागे, नाक-तोंड मोकळे, पाय बेडकासारखे दुमडलेले. पहिल्यांदा परिचारिकेकडून शिकूनच करा.

• एका वेळी किमान तासभर तरी ठेवा. सारखे उचलून-ठेवून बाळ थकते.

• आई दमली असेल, आजारी असेल तर वडील, आजी, मावशी, आत्या यांनी छातीशी घ्यावे. चाचणीतही कुटुंबीयांची मदत घेतली होती. ताप, सर्दी-खोकला किंवा त्वचेचा संसर्ग असलेल्याने मात्र घेऊ नये.

• बाळाचे वजन अडीच किलोच्या आसपास येईपर्यंत किंवा ते स्वतःच छातीवरून सुटण्यासाठी चुळबुळ करू लागेपर्यंत हे सुरू ठेवता येते.

• बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेले असेल, श्वास थांबून थांबून किंवा वेगाने येत असेल, छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडले असतील, झटके येत असतील किंवा ते सुस्त पडले असेल तर घरी वाट पाहू नका. १०८ किंवा १०२ वर फोन करा. शासकीय रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार आणि वाहतूक जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे.

पुढे काय?

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशांसाठी अंमलबजावणीचा आराखडाही प्रसिद्ध केला. भारतात कांगारू केअरच्या शासकीय मार्गदर्शक सूचना २०१४ पासून आहेत. त्यामुळे धोरणाच्या पातळीवर फार वाद उरलेला नाही. प्रश्न नव्या रुग्णालयाचा नकाशा मंजूर होताना आणि जुन्या कक्षाची दुरुस्ती निघताना येणार आहे. त्या नकाशात वॉर्मर किती, हे विचारले जाते. प्रत्येक वॉर्मरशेजारी आईची खाट आहे का, हेही आता विचारावे लागेल.